टेऱ्याची पारख

मले कोणी म्हटलं, "बाई, जराशी बस," तर माह्या अंगाले मुंग्या येतात. लहानपणापासून तसंच आहे. माय म्हणे, ही पोरगी पाळण्यातही उभीच राहे. म्हणून त्या साली माह्या पोरानं, रामरावनं, मले सांगतलं की दिवाळीच्या आत मळा सोड अन् मोताळ्याले येऊन ओट्यावर सुखानं बस, तवा तळपायाची आग मस्तकाले गेली.

महाराष्ट्राचं राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली होती. आमचा मळा रोहिणखेडच्या वाटेवर. विहीर, मोट, बैलजोडी, वांगे, मिरच्या, मेथी अन् कडेनं जवारी. मालक गेल्यापासून मी मळ्यातल्या खोपडीतच राहत होती. सालगडी सहदेव पलीकडं कोठ्यापाशी झोपे. रामरावचं मोताळ्याले किराण्याचं दुकान. पोरगा वाईट नाही, उलट भल्ला मायाळू. पण मायाळू माणसाची एक खोड असते, त्याले वाटते समोरच्याले बसवलं म्हणजे सुख दिलं.

झालं असं की मळ्यात उंदीर माजले होते. उंदीर कसले, घुशीच त्या. खोपडीत टांगलेला मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, त्याइनं रातून कुरतडला अन् कोणाच्या ध्यानात आलं नाही. सकाळी भरली मोट वर येता येता नाडा तुटला, मोट धाडदिशी विहिरीत अन् डावा बैल गुडघ्यावर. देवाची दया, बैलाले काही झालं नाही. मंग उंदराच्या मागानं एक सरप आला, तो आढ्यावरून चुलीपाशी पडला. मी त्याले काठीनं बाहेर लावलं, हात धुतले अन् भाकरी थापल्या. पण सहदेवच्या पोटात काही राहते का? त्यानं बाजारात सांगतलं, अन् रामरावपाशी गोष्ट पोचेपर्यंत एका सरपाचे चार झाले.

रामराव आला तो बैलगाडी घेऊनच आला. मी म्हटलं, माह्या हाडाची काडी होईपर्यंत मी मळ्यातून हलत नाही. तो म्हणे, इथी राखणीले धड कुत्रं नाही, उंदीर-सरपानं खोपडी भरली, उद्या काही झालं तर लोक माह्या तोंडात शेण घालतील. मी म्हटलं, कुत्रं आणते. मंग दोघाइत ठरलं. मी कुत्रं आणावं, मोठेबाबानं ते पारखावं. त्याइनं पास केलं तर मी मळ्यात, नापास केलं तर दिवाळी मोताळ्याले, अन् मंग परत फिरायचं नाव नाही. मी शब्द देऊन बसली.

मोठेबाबा म्हणजे माहे भासरे, मालकाचे थोरले भाऊ. त्याइचं नाव मी घेत नाही, पण तुमच्यासाठी सांगते, उकंडराव. बैलाच्या पारखीत त्याइच्यासारखा माणूस मोताळ्याच्या बाजारात नव्हता. लोक जोडी घ्यायले जात तर पहिले आमच्या भासऱ्याले गाडीत घालून नेत. त्याइनं पास केलेली जोडी दारात आली म्हणजे घरधनी दोन्ही बैलाइचे पाय धुते, कुंकू लावते, भाकर चारते. पाय धुतले की सौदा पक्का, मंग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही. आता एवढ्या माणसासमोर मी काही बोलावं तर तीही सोय नाही. भासऱ्यासंगं भावजयीनं तोंडानं बोलायचं नाही अशी आमच्यात रीत. लग्न होऊन आली तवापासून मी त्याइच्यासंगं भिंतीच्या, बैलाच्या, नाही तर पोराच्या नावानं बोलत आली. "बैला, भाकर झाली बरं," असं म्हटलं की भासरे हात धुवायले उठत. तेही मले काही सांगणं असलं तर खांबाकडं पाहून सांगत.

तवा नळगंगेच्या धरणाचं काम चालू होतं. तिथल्या छावणीत मी भाजी विकायले जात होती. एका सायबाच्या घरी एक लहानसं कुत्रं होतं. पांढरं, एक कान तांबूस, केस खरखरीत, शेपूट बोटभर, अन् उंची म्हणाल तर माह्या टोपल्याएवढी. मी त्याले कधी मोजलंच नव्हतं. म्हटलं, सायब लोकाइचं खेळणं आहे.

त्या दिवशी सायबाच्या बाई उदास होत्या. पुण्याच्या बाई, बोलणं एकदम स्वच्छ. सायबाची बदली झाली होती अन् नव्या जागी कुत्रं नेता येत नव्हतं. छावणीतल्या एका कारकुनानं नेलं, तर त्यानं तुळशीचं वृंदावन उकरलं म्हणून दुसऱ्या दिवशी परत. एका ठेकेदारानं शोभेसाठी मागतलं, पण तो साखळीनं बांधून ठेवणार म्हणून बाईनंच दिलं नाही. बाई सांगत होत्या की हे टेरियर जातीचं आहे, मांडीवर बसणारं नाही. दिवसभर काम लागते याले. काम नाही दिलं तर जोडे फाडते, जमीन उकरते, घर डोक्यावर घेते. घरात बसणाऱ्या माणसानं याच्या वाटेले जाऊच नाही.

त्या बोलत होत्या तेवढ्यात माह्या मेथीच्या टोपल्यामागून एक उंदीर निघाला. कुत्रं कवा उठलं ते मले दिसलंच नाही. एक झडप, एक झटका, उंदीर खलास. मांजरीसारखा खेळ नाही, मिरवणं नाही. उंदीर टाकला अन् दुसऱ्या टोपल्यामागं पाह्यले गेलं.

माह्या काळजात लख्ख झालं. मी म्हटलं, बाई, हे मले द्या.

बाईनं लगेच हो म्हटलं नाही. पोरगी द्यायची असल्यासारखी माही चौकशी केली. घरी कोण आहे, बांधून ठेवाल का, फिरवाल का, तुमचा दिवस कसा जातो. मी सांगतलं: झुंजुरका उठते, झाडलोट, भाकरी, मंग मोटेवर, मंग वाफ्याले पाणी, निंदण, तोडणी, धुऱ्यावरून म्हणजे बांधावरून एक चक्कर, बाजार असला तर डोक्यावर टोपलं घेऊन छावणीले नाही तर रोहिणखेडले, परत आल्यावर बैलाइची वैरण, अन् दिवस बुडता पुन्हा धुऱ्यावरून चक्कर, कारण ती घेतल्याशिवाय मले झोप लागत नाही. बाई ऐकतच राह्यल्या. मंग हसल्या अन् म्हणाल्या, "अहो, ह्याला तुमच्याकडेच यायचं होतं." अन् डोळे पुसत पुसत पट्टा माह्या हातात दिला. त्याचं नाव सायबी होतं, ते माह्या जिभेले वळेना. मी त्याले टेऱ्या म्हटलं, अन् त्यालेही ते चाललं.

टेऱ्याले घेऊन मी मळ्यात आली तर सहदेव हसून हसून खाली बसला. म्हणे, मावशी, हे कुत्रं आहे का कुत्र्याचं पिल्लू? मी म्हटलं, तू लय मोठा आहेस, तुह्या उशाखालून उंदरानं भाकर नेली तवा काय केलं? त्याचं हसू तिथीच थांबलं.

रामरावले निरोप गेला. आठवड्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तो आला, अन् भासरे आपल्या छकड्यातून आले. छकड्यामागं त्याइचा वाघ्या, वासराएवढा कुत्रा. वाघ्यानं टेऱ्याले पाह्यलं, टेऱ्यानं वाघ्याले पाह्यलं, अन् टेऱ्या असा भुकायले लागला की वाघ्या छकड्याखाली जाऊन बसला. मले बरं वाटलं, पण भासरे खांबाकडं पाहून म्हणाले, आवाजाचा बैल कामाचा नसते.

मंग पारख सुरू झाली. आता तुम्हीच सांगा, ज्यानं जन्मभर बैल पाह्यले तो काय पाहीन? भासऱ्याइनं टेऱ्याले पोत्यावर उभं केलं अन् तोंड उघडून दात पाह्यले. बैलाचे सगळे दात आले म्हणजे तोंड जुळलं म्हणतात, अन् तोंड जुळलेला बैल वयात गेला असं समजतात. टेऱ्याचे तर सगळेच दात आलेले. भासरे म्हणाले, जुळला आहे, उतरता माल आहे. दोन वर्षाच्या कुत्र्याले म्हातारा ठरवलं! मंग शेपूट. बांडा आहे, म्हणे, बांडं जनावर दावणीले लाभत नाही. मंग वशिंडाच्या जागी हात फिरवला, तिथी काय सापडणार? मंग पाठीवर केसाचा भोवरा सापडला. ते म्हणाले, असा भोवरा असलेलं जनावर मालकाले जागेवर राहू देत नाही. हे ऐकून रामरावच्या तोंडावर जे समाधान आलं ना, मले वाटलं उचलावं अन् मोटेचं पाणी पडते त्या थाळण्यात बुचकळावं.

शेवटी भासऱ्याइनं खोडी सांगतल्या. बुटका आहे, पाय वाकडे आहेत, तापट आहे, नको तितका बोलते, एका जागी ठरत नाही, अन् सांगतलेलं ऐकत नाही. एकेक खोड सांगत होते तसा सहदेव तोंडात फेट्याचा शेव कोंबत होता. काऊन कोंबून राह्यला, ते मले तवा समजलं नाही.

रामराव उठला अन् माहं गाठोडं कुठी आहे विचारायले लागला. समोर विहीर दिसत होती, वांग्याचे वाफे दिसत होते, मालकानं लावलेला लिंब दिसत होता. अन् मले मोताळ्याचा तो ओटा दिसला. उन्हाळ्यात एकदा मी तिथी राह्यली होती. सून लाख चांगली, ताट हातात देई, पण कामाले हात लावू देईना. मी सकाळी ओट्यावर बसे ते संध्याकाळी ओट्यावरूनच उठे. मळ्यात परत आली तवा चालताना धाप लागली होती. मले माहीत होतं, त्या ओट्यावर मी दोन दिवाळ्या काढणार नाही.

मी पदर पुढं ओढला, टेऱ्याजवळ बसली अन् भासऱ्याले ऐकू जाईल अशा आवाजात टेऱ्याले म्हटलं, "टेऱ्या, माहे बाबा पुंजाजी सांगत, बैल डोळ्यानं नाही, खांद्यानं पारखावा. जुपून पाह्यल्याशिवाय जो बैल नापास करते, त्याले बाजारात पारखी म्हणत नाहीत."

भासऱ्याइचा चेहरा लाल झाला. पण माणूस धंद्याले इमानी होता. खांबाकडं पाहून म्हणाले, गोष्ट बरोबर आहे. जुपून पाहू. कशाले जुपायचं?

मी टेऱ्याले सांगतलं, टेऱ्या, कडब्याची गंजी मोडायची राह्यली आहे.

नवा कडबा यायच्या आधी जुन्या गंजीचं बूड मोडावं लागते. त्या बुडाखाली काय असते ते शेतकऱ्याले सांगणं नको. सहदेव तर दोन वर्षं ते काम टाळून राह्यला होता. पण भासऱ्याइचा हुकूम झाला अन् त्यानं पेंड्या उचलायले सुरुवात केली, रामरावनंही धोतर खोचलं. वाघ्याले एका बाजूनं उभं केलं, टेऱ्याचा पट्टा मी सोडला.

वरचे थर निघाले तोवर काही नाही. टेऱ्या नुसता गंजीभोवती फिरत होता, नाक खाली, शेपटीचं बोट थरथर. रामराव म्हणाला, पाहा मोठेबाबा, नुसता फिरते. अन् तेवढ्यात सहदेवनं खालची पेंडी ओढली.

बापा, उंदरं फुटले! एकीकडून चार, दुसरीकडून सहा, रामरावच्या पायावरून एक, सहदेवच्या धोतरात एक. सहदेव नाचायले लागला. वाघ्या भुकत होता, पण मागं सरकून सरकून. अन् टेऱ्या मात्र भुकणं विसरला. एवढा बोलणारा कुत्रा, कामात तोंडातून आवाज नाही. झडप, झटका, टाकला. झडप, झटका, टाकला. एक मारतानाच त्याची नजर दुसऱ्यावर. गंजीतून निघालेला उंदीर धुऱ्यापर्यंत पोचला असं झालंच नाही. भासरे पहिले उभे राह्यले, मंग दोन पावलं पुढं आले, मंग डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं, अन् त्याइचं त्याइलेच समजलं नाही.

शेवटच्या पेंडीखालून घूस निघाली. ही एवढी, काळी, टेऱ्याच्या निम्म्या अंगाची. तीच आमच्या नाड्याची मालकीण असावी. ती वाघ्याकडं धावली तर वाघ्या थेट छकड्याखाली. मंग टेऱ्यानं तिले अडवलं. तिनं दात काढले, टेऱ्याच्या ओठाले चावली, रक्त आलं. मी ओरडली. पण टेऱ्यानं सोडलं नाही. मानेले धरलं अन् अशी झटकली, अशी झटकली, की त्याचे स्वतःचे मागचे पाय जमिनीवरून उचलले गेले. घूस लुळी पडली. तवा कुठी तो मागं सरला, माह्याकडं पाह्यलं अन् एकदा भुकला.

मी त्याले उचलून छातीशी धरलं. लुगडं रक्तानं भरलं तर भरलं. मी रडत होती अन् हसतही होती. सहदेव टाळ्या पिटून राह्यला होता.

भासरे रामरावकडं वळून म्हणाले, बैल पास. मी भोवऱ्याचं म्हटलं ते मागं घेतलं.

माह्या जिवात जीव आला. पण रामराव दुकानदार माणूस, त्यानं दुसरं माप काढलं. म्हणे, मोठेबाबा, कुत्रं सोन्यासारखं आहे, मान्य. ते सहदेवजवळ मळ्यात राहू द्या. उंदीर जातील, सरप जातील, मळा राहीन. पण मंग मायचं इथी काय काम? तिनं माह्याजवळ सुखानं राहावं. पारख कुत्र्याची झाली, ते पास झालं, आता मायले घेऊन जातो.

असा राग आला की काय सांगू. शब्द फिरवला असंही म्हणता येईना, कारण त्याच्या आवाजात खोट नव्हती, खरीच माया होती. मायेशी भांडावं कसं? मी टेऱ्याले खाली ठेवलं अन् त्याच्या ओठाचं रक्त पदरानं टिपू लागली.

तवा ती गोष्ट झाली. भासऱ्याइनं खांबाकडं पाह्यलं नाही. बैलाकडं पाह्यलं नाही. सरळ माह्याकडं पाह्यलं अन् म्हणाले, "अन्नपूर्णा, त्याले घेऊन धुऱ्यावरून एक चक्कर मारून दाखव."

लग्न होऊन आल्यापासून त्या माणसाच्या तोंडून माहं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मी पदर खोचला अन् निघाली. टेऱ्या संगं. पट्टा नाही, दोरी नाही. मी धुऱ्यावर चढली तर तो चढला, मी वांग्याच्या वाफ्यापाशी थांबून पाणी फुटलं का पाह्यलं तर तो थांबून बीळ हुंगू लागला. मी निघाली, तो निघाला. माही चाल आखूड अन् घाईची, लहानपणापासून लोक हसतात. त्याचीही तशीच. वाटेत पाटाचं पाणी वाया जात होतं म्हणून मी सहदेवले दोन शिव्या हासडल्या, तर टेऱ्याही त्याच्याकडं तोंड करून भुकला. चक्कर पुरी करून आम्ही दोघं लिंबाखाली आलो तर कोणालेच धाप नव्हती.

सहदेवनं फेट्याचा शेव पुन्हा तोंडात कोंबला होता, तो निघाला अन् सहदेव मोकळं हसला. तवा मले समजलं तो मघापासून काऊन हसत होता. बुटका, वाकड्या पायाचा, तापट, बोलका, न ऐकणारा, एका जागी न ठरणारा! मी त्याच्याकडं असे डोळे काढले की तो बैलाइले पाणी दाखवायले पळाला.

भासरे मात्र हसले नाहीत. त्याइनं रामरावच्या खांद्यावर हात ठेवला.

"चूक माही झाली, रामराव. मी एकट्या बैलाची पारख करत बसलो. एकट्याची पारख अर्धीच असते, जोडीत चालवून पाह्यल्याशिवाय बैल समजत नाही. ही जोड मी पाह्यली, अशी चालीले चाल मिळालेली जोड मोताळ्याच्या बाजारात मी पाह्यली नाही. अन् जोड कोणी फोडत नसते. उन्हाळ्यात तुह्या ओट्यावर मी हिले पाह्यलं होतं. बसलेली नव्हती रे ती, बांधलेली होती."

रामराव गेला, खोपडीतून पितळी गडवा घेतला, मोटेच्या थाळण्यातून भरून आणला अन् टेऱ्यासमोर बसला. एकेक पाय हातात घेऊन धुतला. टेऱ्याले वाटलं खेळ आहे, तो त्याचं मनगट चाटत होता. मी घरातून कुंकू आणलं, तांबूस कानाच्या वर लावलं, भाकरीचा तुकडा चारला. ओठाले जखम होती तरी त्यानं खाल्ला.

सौदा पक्का झाला. मी गडवा घ्यायले हात पुढं केला, तर रामरावनं दिला नाही. तो तसाच गुडघ्यावर माह्याकडं सरकला अन् उरलेलं पाणी माह्या पायावर ओतलं. म्हणे, "माय, जोडीतल्या एकाचेच पाय धुऊन कसं चालीन?"

चिखलानं भरलेले पाय माहे, भेगाइत माती. त्यानं दोन्ही हातानं चोळून धुतले, अन् डोकं टेकवलं. भासऱ्याइनं तोंड फिरवलं अन् छकड्याखालून वाघ्याले बोलावू लागले. मी पोराच्या केसात हात घातला अन् सांगतलं की दिवाळीचा फराळ सुनेले इथीच करायले सांग, मळ्यात चूल मोठी आहे.

मंग दिवस बुडायले आला होता, तर मी अन् टेऱ्या धुऱ्यावरून चक्कर मारायले निघालो.